उलांडीचं माप

त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर फणसाच्या उकडलेल्या आठळ्या खाल्ल्या आणि चंद्रावर उतरलो. चंद्र आपला नव्हे. कॉम्प्युटरवरच्या यानांच्या खेळातला, एका करड्या ग्रहाभोवती फिरणारा, ढेकळासारखा वेडावाकडा. यान चालवत होती इंदू, माझी बायको. तिचे दोन्ही हात गुंतलेले, डावा कळांवर आणि उजवा दांड्यावर, म्हणून मी शेजारी स्टुलावर बसून आठळ्या सोलत होतो. एक तिच्या तोंडात, एक माझ्या तोंडात. मीठ बरोबर पडलं होतं. उतरायची जागा उताराची होती, आमच्या घरामागच्या घाटीसारखी.

"आता बोलू नकात," ती म्हणाली.

"मी खंय बोलतंय?"

"चावतास त्येचो आवाज येता."

मी चावायचा थांबलो. खाली धूळ उडाली. आधी डावीकडची उलांडी टेकली, मग यानाचं पोट हळूच खाली आलं आणि सगळं थांबलं. उलांडी म्हणजे आमच्याकडच्या होडीला एका अंगाला, दोन आडव्या लाकडांच्या टोकाला बांधलेला हलक्या लाकडाचा लांबट ओंडका. होडी कलंडू नये म्हणून. यानाला उलांडी कशी आली ते पुढे सांगतो.

"टेकला," मी म्हटलं.

"टेकला न्हय, बसला. कपडो आंगार बसता तसा."

मग तिनं पदराला बोटं पुसली आणि आलेली पत्रं वाचली. पत्रं म्हणजे खेळातल्या मंडळींनी लिहिलेली. त्यात पुन्हा तेच होतं: तुमच्या यानाची मूळ फाईल द्या, मापं द्या, आम्हाला मोठं बनवायचं आहे. इंदूनं माझ्याकडे बघितलं. "काय लिवू?" "नाय म्हणान लिव." "परत?" "परत."  हात दुखतात, उद्या लिहिते म्हणाली, उठली आणि चहा ठेवला. आलं जास्त पडलं होतं. मी तसं बोललोही. माझं तोंड तसंच आहे.

ह्या वहीत मी माझ्या वाढत्या वयाचं लिहायला बसलो आहे. बापाच्या हाताखालचे दिवस, शाळा सुटली ते, पहिली होडी बांधली ते. आता मध्येच हा खेळ कुठून आला, असं वाचणारा म्हणेल. पण अक्कल येण्याला वाढणं म्हणत असतील, तर माझं अर्धं वाढणं सत्तरीला टेकताना झालं. म्हणून दोन्ही एकाच प्रकरणात घालतो. वेगळं करून मला सांगता येत नाही.

माझा बापूस होड्या बांधायचा. आमच्या वाडीखाली किनाऱ्यावर माडांच्या झापांची खोप होती, तीच माझी शाळा. खरी शाळा चौथीपर्यंत. गुरुजी एकदा खोपीत आले, मुलगा हुशार आहे म्हणाले. बापूस म्हणाला, "हुशार आसा म्हणानच हय व्हयो." विषय संपला. सकाळी आई ॲल्युमिनियमच्या डब्यातून पेज आणायची, उकड्या तांदळाची, वर भाजलेला सुका बांगडा आणि कधी खारातल्या आंब्याची फोड. पेज निवेपर्यंत बापूस वाकस चालवत राहायचा. वाकस म्हणजे लाकूड तासायचं हत्यार. त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे, आधी जाड, मग लाकूड गुळगुळीत होत आलं की बारीक. मी पाठ करून बसलो तरी आवाजावरून सांगायचो, झालं का नाही. काजूच्या टरफलांचं तेल लाकडाला लावायचो, त्यानं हात भाजायचे, सालं निघायची. आई खोबरेल लावून द्यायची आणि बापसाला शिव्या घालायची. त्याला ऐकू जाईल इतक्याच मोठ्यानं.

आमच्या खोपीत कागद नव्हता. आराखडा, नकाशा, काही नाही. होती ती एक काठी, मापांच्या खाचा पाडलेली. लोक बापसाची होडी घ्यायला लांबून यायचे, कारण ती लाटेवर अंग चोरायची नाही आणि जाळं ओढताना कलायची नाही. सगळं उलांडीच्या मापात होतं. किती लांब, किती जड, पोटापासून किती दूर, पुढच्या बाजूला किती वर उचललेली. अशी नऊ मापं. दुसऱ्या गावचे बांधणारे पान खाण्याच्या निमित्तानं येऊन बसायचे आणि बोलता बोलता उलांडीवर वीत टाकायचे. ते आले की बापूस ओलं गोणपाट काठीवर टाकायचा. आईनं एकदा सहज विचारलं, त्या खाचा कसल्या. तिलाही सांगितलं नाही. मापं घरातल्या बाईलाही सांगायची नाहीत. बाईला माहेर असतं, माहेरी भाऊ असतात, असा त्याचा हिशेब.

मला नऊच्या नऊ पाठ झाली, त्या दिवशी त्यानं मला तीन वेळा म्हणायला लावलं. मग काठी गुडघ्यावर मोडली आणि न्हाणीच्या चुलीत घातली. त्यावर तापलेल्या पाण्यानं आम्ही दोघं आंघोळीला बसलो. "आता तुज्या टकल्यात आसा," तो म्हणाला. "थयसून कोण चोरूचो नाय." मला त्या दिवशी राजा झाल्यासारखं वाटलं. खोटं कशाला सांगू, अजूनही आठवलं की छाती वर होते. माझ्या बापानं मला दुसरं काही दिलं नाही, पण हे पुरं दिलं.

पुढचं थोडक्यात. इंदू आली. ती शिवणकाम करायची. आमच्या पडवीत एका बाजूला तिचं मशीन, पुढे किनाऱ्यावर माझी खोप. दिवसभर तिचं टकटकटक आणि माझं ठाकठूक. मुलगी झाली, वृषाली. मग फायबरच्या होड्या आल्या. फायबरला उलांडी लागत नाही, बांधणारा लागत नाही, साच्यातून काढली की झाली. एक एक करून गिऱ्हाइकं गेली. शेवटची होडी मी अर्धी बांधली, आणि ज्याच्यासाठी बांधत होतो तो येऊन म्हणाला, मेस्त्री, राहू दे. त्या रागात मी ती अर्धी होडी कुऱ्हाडीनं फोडली. इंदू दारात उभी राहून बघत होती. अडवलं नाही तिनं. संध्याकाळी फक्त विचारलं, "आता रात्रीच्या भाताक ह्याच जाळू?" मी हो म्हटलं. भात चांगला झाला.

त्यानंतर दहा वर्षं मी पडवीत बसून होतो. खोप पडली, तीही बघत बसलो. माणूस हातानं रिकामा झाला की तोंडानं कामाला लागतो. भाजीत मीठ, उंबऱ्यात चप्पल, मशीनचा आवाज, सगळ्यावर माझं बोलणं. इंदूनं ते कसं काढलं तिचं तिला माहीत. मी तिची माफी कधी मागितली नाही. आमच्यात तशी पद्धत नव्हती. आता असती तर बरं झालं असतं.

वृषाली पुण्याला कॉम्प्युटरचं काम करते. ते टाळेबंदीचं वर्ष आलं तेव्हा ती घरी आली, कॉम्प्युटर घेऊन. दिवसा काम करायची आणि काम संपलं की हा खेळ. जाताना तिला कंपनीनं नवीन दिला, तर जुना इथेच ठेवून गेली. इंदूचे गुडघे तोवर गेले होते. मशीनचा पाय मारवत नव्हता, चार पावलं चालली की बसायची. पहिल्यांदा तिनं तो खेळ लावला तो वृषालीची आठवण येते म्हणून. मग लावतच राहिली.

मला वाटायचं बंदुका मारायचा खेळ असेल. तसा नव्हे. त्यात कोणी कोणाला मारत नाही. यान घ्यायचं, इंधन बघायचं, जमिनीवरून उठायचं, ग्रहाला फेरी घालायची, मग दुसऱ्या ग्रहाची वाट धरायची. आणि सगळं हिशेबात. तिथे वारा नाही, पाणी नाही, एकदा ढकललं की जातच राहतं. थांबायचं तर उलट्या बाजूनं तेवढंच ढकलावं लागतं. इंदूनं पहिल्या महिन्यात किती यानं आपटली त्याला गणती नाही. आपटलं की ती "गेला!" म्हणून ओरडायची आणि शेजारची पारूवयनी धावत यायची, कोण गेलं बघायला. नंतर पारूवयनीला सवय झाली. "आज किती गेली गो?" म्हणून कुंपणावरूनच विचारायची.

मी लांबून बघायचो. आधी तिला टोमणे मारायला, मग बघायलाच. तिथला उजेड मला पहिल्यांदा पटला नाही. सावली एकदम काळी, कोळशासारखी, कडेला पुसट नाही. मी म्हटलं, हे चित्र काढणाऱ्याला सावली कळत नाही. इंदू म्हणाली, "अवो, थय वारो नाय, धूळ नाय, मगे सावली पुसतलो कोण?"  दहावी शिकलेली होती ती. माझ्यापेक्षा सहा इयत्ता पुढे, आणि मी हे चाळीस वर्षं विसरून बसलेलो.

यानं मात्र मला सहन झाली नाहीत. डब्याला डबा जोडलेला. पोट नाही, नाक नाही, कुठे काही उतरतं घेतलेलं नाही. "ह्येका कोणी यान म्हणूचा?" मी म्हटलं. "पत्र्याची पेटी आसा." रोज म्हणायचो. एक दिवस तिनं दांडा खाली ठेवला. "तर मगे तुमी बांधा."

खेळणारी माणसं त्या खेळात आपल्या हातचं काही बनवून घालतात, त्याला मॉड म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. कोणी नवीन इंजिन, कोणी नवीन ग्रह, कोणी नुसताच खुर्चीचा रंग. जगभरची हजारो माणसं. फुकट बनवतात, फुकट देतात आणि एकमेकांच्या चुका काढतात. वृषालीनं फोनवरून आकार बनवायचा एक प्रोग्राम घालून दिला आणि आईला आठ दिवस शिकवलं. मला माऊस धरता येत नव्हता. बोटं अशी जाड की एका वेळी दोन कळा दाबल्या जायच्या. म्हणून ठरलं असं की मी सांगायचं आणि इंदूनं बनवायचं.

पण सांगायचं म्हणजे आकडे सांगायचे. पहिल्या दिवशी ती विचारते, लांबी किती, रुंदी किती, आणि मी नुसता बसून. तोंडातून निघेना. तिला वाटलं मला आठवत नाही. शेवटी मी उठून पडवीचं दार लावलं, भर दुपारी, आणि तिच्या कानाजवळ जाऊन पहिलं माप सांगितलं. ती हसायला लागली. "घरात आपण दोघांच आसंव, कानात कित्याक सांगतास?" मी म्हटलं, "लिव." लग्नाला चाळीस वर्षं झाली होती. माझ्या बायकोला माझी मापं कळली ती त्या खेळामुळे. बापूस असता तर मला घराबाहेर काढलं असतं. आणि मला, सांगायला लाज नाही, नऊ मापं सांगून झाल्यावर असं हलकं वाटलं की मी त्या दिवशी दुपारचं दोन वेळा जेवलो.

काम सहा महिने चाललं. मी म्हणायचो पोट अजून उतरतं घे, ती घ्यायची. मी म्हणायचो आवाज येत नाही तर झालं कसं कळणार, ती म्हणायची, "डोळे आसत मा?" आकार झाल्यावर त्याच्यावर लाकडाचं कातडं चढवायचं होतं, म्हणजे रंग आणि रेषा. त्यासाठी यान सगळ्या बाजूंनी उसवून सपाट पसरावं लागतं, मग त्यावर चित्र घालून परत जोडायचं. वृषाली ते फोनवर समजावत होती, तर इंदू म्हणाली, "कळला मा. ब्लाऊज उलटो." आणि केलं. शिवण कुठे लपवायची ते तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. तयार मिळणारी लाकडाची चित्रं मी नापास केली, सगळी हॉटेलातल्या टेबलासारखी. मग ती गुडघे धरत पडक्या खोपीपर्यंत गेली, मातीत अर्धी गेलेली आंब्याची फळी उकरली, मोबाईलनं तिचे फोटो काढले आणि तेच यानावर चढवले. पहिल्यांदा ते पडद्यावर फिरलं, सूर्य पाठीमागून आला आणि फळीच्या रेषा उजळल्या. मी उठून बाहेर गेलो. इंदूनं हाक मारली नाही. तिला कळायचं कधी हाक मारायची नाही ते.

आता चूक सांगतो. यानाला मी उलांडी बांधली होती. डाव्या अंगाला, बापसाच्या मापानं. उलांडीशिवाय काही बांधता येतं हे माझ्या डोक्यातच नव्हतं. इंदूनं यान वर नेलं, इंजिन लावलं, आणि ते गरगर फिरायला लागलं. नाक उलांडीच्या बाजूला वळायचं ते वळतच राहायचं. होडीही उलांडीच्या अंगाला ओढते, पण तिथे पाणी आहे, सुकाणू आहे, धरून ठेवणारं काही आहे. इथे धरायला काहीच नाही. इंदूला चक्कर यायची, ती डोळे मिटून कळ सोडायची. आम्ही दोन दिवस झगडलो आणि मग तिनं ते तसंच मंडळींच्या पानावर ठेवलं, विचारायला.

हसली मंडळी. कोणी भोवरा म्हणालं, कोणी पंखा. एकानं लिहिलं, ह्या माणसाला कोणीतरी सांगा की अंतराळात पाणी नसतं. इंदू सगळं वाचून दाखवायची, मी वाचायला लावायचो. शेवटी मी म्हटलं, "पुसून टाक. सगळा पुसून टाक." कुऱ्हाड उचलली त्या दिवशी जसं अंग तापलं होतं, तसंच. ती म्हणाली, "पुसलंय." मी जाऊन पडवीत बसलो. दोन दिवस बसून होतो, जुन्या जागेवर, जुनं तोंड करून.

तिनं पुसलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मला हाताला धरून आणलं आणि एक चित्र दाखवलं. हेन्रिक नावाच्या माणसानं पाठवलेलं. कुठल्यातरी थंड देशातला, आयुष्यभर फेरीबोटीची इंजिनं दुरुस्त केलेला, आता घरी बसलेला, माझ्यासारखाच. त्यानं आमच्या यानावर दोन ठिपके काढले होते. एक लाल, एक निळा. लाल म्हणजे सगळं वजन जिथे तोललं जातं ती जागा. निळा म्हणजे इंजिन जिथून ढकलतं ती. उलांडीमुळे लाल ठिपका डावीकडे सरकलेला, इंजिन मात्र पोटाच्या मधोमध. ढकलणारा एकीकडे, वजन दुसरीकडे; फिरणार नाही तर काय. पाण्यावर मला हे हातानं कळत होतं, म्हणून डोक्यानं कधी विचारच केला नव्हता. खाली त्यानं लिहिलं होतं, फोननं मराठीत करून दाखवलं ते असं: उलांडी काढू नका. ती सुंदर आहे. इंजिन सरकवा. आणि सोबत स्वतः बनवलेलं इंजिन पाठवलं होतं, त्याच्या सगळ्या मापांसकट, मूळ फाईलसकट. घ्या, मोडा, हवं ते करा, मला विचारू नका.

मी ते तीनदा वाचायला लावलं. मोडा, असं म्हणणारा कारागीर मी जन्मात पाहिला नव्हता. मी म्हटलं, ह्याला बापूस नसावा. इंदू म्हणाली, "बापूस आसतलो. बरो आसतलो." 

इंजिन सरकवलं, पोट आणि उलांडी ह्यांच्या मधल्या आडव्या लाकडावर नेलं, थोडं तिरपं केलं. यान सरळ गेलं. सुरी आंब्यातून जाते तसं. आणि मग जे झालं ते माझ्याही मनात नव्हतं. त्या खेळात उतारावर उतरणं फार अवघड. उंच यानं टेकतात आणि कलंडतात, भल्याभल्यांची. आमचं कलंडेना. उलांडी एका अंगाला पाय रोवायची आणि यान उतारावर बसून राहायचं, म्हशीसारखं. ज्यानं पाणी नसतं म्हणून लिहिलं होतं, त्यानंच घेऊन उतरवून बघितलं आणि माफीचं पत्र पाठवलं. मग मंडळींची पत्रं सुरू झाली. इंदू उत्तरं लिहायची, संध्याकाळच्या संध्याकाळी पाच-सहा. तिला एकदम एवढी माणसं मिळाली. कोणाला नातू झाला, कोणाची आई आजारी, कोणाकडे बर्फ पडलं, सगळं मला जेवताना कळायचं. मी पडवीत बसणं सोडलं. सकाळी उठून विचारायचो, आज काय बांधायचं. त्या चार वर्षांत मी तिला मिठावरून एकदाही बोललो नाही. चहावरून बोललो असेन. त्या मंडळींचं, त्या हेन्रिकचं आणि वृषालीनं मागे ठेवलेल्या त्या यंत्राचं माझ्यावर जे आहे, ते फिटायचं नाही.

एकच गोष्ट मी सोडली नाही. यान सगळ्यांना चालवायला दिलं होतं, पण बंद करून. आत हात घालता येत नव्हता, मापं दिसत नव्हती. मागायचे, मी नाही म्हणायचो, इंदू गोड करून लिहायची. हेन्रिकनं एकदाही मागितली नाहीत; तेच मला जास्त लागायचं. इंदू भांडली नाही. एकदाच, भाजी चिरताना, वर न बघता म्हणाली, "तुमच्या मागसून ही मापा खंय जातली?" मी म्हटलं, माझ्याबरोबर. "आणि तुमच्या बापसान कोणाबरोबर धाडल्यान?"  बापसानं मला दिली होती, कारण मी होतो. माझ्यामागे कोण होतं? वृषालीला फळी आणि पाट ह्यातला फरक कळत नाही. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माहीत असून मी नाही म्हणत होतो. बापाला दिलेला शब्द होता, आणि शिवाय एवढं एकच माझ्याजवळ होतं जे दुसऱ्या कोणाजवळ नव्हतं.

त्या दिवशी आठळ्या झाल्या, चहा झाला. तिन्हीसांजेला इंदू देवाकडे दिवा लावायला उठली आणि तिथेच भिंतीला टेकून बसली. मी म्हटलं, गुडघा धरला काय. ती म्हणाली, वायच घाम येतो आहे. पारूवयनीच्या मुलानं रिक्षा काढली. मी मागे तिला धरून बसलो होतो. वाटेत तिनं माझ्या शर्टाची बाही दोन बोटांत धरून बघितली, शिवण उसवली होती. दवाखाना यायच्या आधी गेली.

उजाडता वृषाली पोचली. इंदूला माजघरात ठेवलं होतं. घर बायकांनी भरलेलं, मी भिंतीला पाठ लावून बसलेला. माझ्या डोळ्यांतून काही येत नव्हतं. लोक येत होते, खांद्यावर हात ठेवत होते, मला कळत नव्हतं कोण. मग पारूवयनी आली, इंदूच्या पायाशी बसली आणि मोठ्यानं रडायला लागली.

"इंदू गो, माजा माप तुकाच ठावक होता! आता माजो ब्लाऊज कोण शिवतलो गो?"

एक-दोन पोरी तोंडाला पदर लावून हसल्या. पण बाकीच्या बायका रडायला लागल्या, कारण खरंच होतं ते. इंदू वाडीतल्या कोणा बाईला टेप लावायची नाही. दारात उभी राहिली की बघायची, वायच बारीक झालंस म्हणायची आणि कापायची. वही नाही, कागद नाही. तीस-चाळीस बायकांची अंगं तिच्या डोक्यात होती. त्या बायका तिथे बसल्या होत्या आणि त्यांची मापं माझ्यासमोर, पांढऱ्या चादरीखाली.

मी उठलो. वृषालीला म्हटलं, कॉम्प्युटर लाव.

तिला वाटलं माझं डोकं फिरलं. "बाबा, आता?" म्हणाली. "आताच." मग तिनं लावला. इंदूचा थोरला भाऊ सदा दारात येऊन उभा राहिला. बाहेर बांबू बांधून झाले होते, माणसं पंचे नेसून थांबली होती. तो हळू आवाजात म्हणाला, "भावोजी, सुतकात हत्यार हातात धरूचा नसता."

"हत्यार नाय धरलंय," मी म्हटलं. "माप सांगतंय."

आणि सांगितली. एकेक करून, नऊच्या नऊ, आणि प्रत्येकाचं का ते. पुढची बाजू का उचलायची. ओली उलांडी आणि सुकी उलांडी ह्यांचा फरक किती धरायचा. पोटापासूनचं अंतर होडी लांबली तर किती वाढवायचं. खेळाला त्यातलं अर्धं लागत नाही, पण मी काही वगळलं नाही. कानात सांगितलं नाही. मोठ्यानं सांगितलं, सदा ऐकत होता, दारातल्या बायका ऐकत होत्या. वृषाली रडत रडत लिहीत होती, आकडा चुकला की मी थांबवत होतो. एका मापाशी ती म्हणाली, हे आईच्या फाईलमध्ये वेगळं आहे. मी बघितलं. इंदूनं पाव वीत वाढवलं होतं, मला न सांगता. उतारावर यान बसायचं ते त्या पाव वितीमुळे. मी म्हटलं, दोन्ही लिही. बापसाचं एक, इंदूचं एक. खाली लिही, दुसरं बरोबर.

शेवटी मूळ फाईल मंडळींच्या पानावर चढवताना पडद्यावर तीन चौकोन आले. बघायला द्यायचं का, बदलायला द्यायचं का, पुढे वाटायला द्यायचं का. "तिन्ही," मी म्हटलं.

वृषालीचा हात थांबला. "बाबा, एकदा दिला काय परत घेवक गावाचा नाय."

"म्हणानच."

तिनं कळ दाबली. मी खांद्यावर टॉवेल घेतला, माजघरात आलो, इंदूच्या डोक्याशी उभा राहिलो आणि सदाला म्हटलं, "माजा झाला. आता उचला तिका."